गल्लीत लावलेल्या चौदा पेट्या

प्रिय अण्णा,

परवा रशीदचाचा येऊन गेले. पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध आहे हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं, तरी त्यांच्या बरोबर लक्षात होतं. खुर्ची दिली तरी नेहमीसारखे दाराजवळच्या स्टुलावरच बसले. गुडघ्यावर टोपी ठेवली आणि तुमच्या फोटोकडे बघत म्हणाले, "अच्छा हुआ बेटी, साब को और भूलने की नौबत नहीं आई. जितना भूले, उतने में ही चले गये."

मी चहाचा कप घेऊन उभी होते. मी म्हणाले, "हो चाचा."

त्या दोन शब्दांसाठी हे पत्र लिहिते आहे. कारण तुम्ही काही विसरत नव्हतात, अण्णा. हे ठामपणे सांगू शकेल असं माणूस घरात एकच होतं आणि ते वर्षभर, त्याच्याही आधीचे पाच महिने, गप्प बसलं. आता तुम्हाला सांगून काय उपयोग, असं मनात येतं. पण आधी तुम्हाला न सांगता दुसऱ्या कुणाला सांगणं मला जमणार नाही.

तुमचा तो खेळ आठवतो ना? मी त्याला लेकरांचा खेळ म्हणायची. गोदामावरची नोकरी सुटली, गुडघे गेले आणि तुम्ही दिवसभर ओट्यावर बसून नांदेड रस्त्यावरचे ट्रक बघत राहायचात. कुठल्या ट्रकमध्ये सोयाबीन, कुठल्यात हळद, हे ताडपत्रीच्या फुगवट्यावरून सांगायचात. दादाची आर्या दिवाळीच्या सुट्टीत नांदेडहून आली. तिनं माझ्या जुन्या कांप्युटरवर तो खेळ टाकला आणि तुम्हाला समोर बसवलं. सत्तरीच्या माणसाला खेळ कशाला, असं मी म्हणाले. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "बघू तर दे."

ओसाड ग्रहावर एक एकटा माणूस. त्यानं लोखंड खणायचं, तांबं खणायचं, यंत्रं बसवायची, त्यातून आणखी मोठी यंत्रं. पहिला महिना तुम्ही नुसता पसारा केलात. मग तुम्हाला ते उडणारे रोबो मिळाले, आणि तिथून पुढे तुम्ही घरात असून नसल्यासारखे झालात.

मला आर्यानं नाही, तुम्हीच समजावलं होतं ते. पेट्या तीन जातीच्या. एक देणारी, एक मागणारी, एक साठ्याची. मागणारीवर लिहून ठेवायचं की मला एवढी दातेरी चाकं पाहिजेत. मग रोबो जवळच्या देणाऱ्या पेटीतून उचलतात आणि आणून टाकतात. ज्या वस्तूला कुणी मागत नाही ती साठ्याच्या पेटीत जाते. आणि साठ्याची पेटीच भरलेली असली तर? तर तो रोबो ओझं घेऊन हवेत तरंगत राहतो. ठेवता येत नाही आणि टाकताही येत नाही.

"आपला तो साखरा गावचा नवा हमाल आठवतो का रशीद, पोतं पाठीवर घेऊन दारात उभा राहायचा तो? तसंच हे," असं तुम्ही चाचांना म्हणाला होतात. चाचा तीस वर्षं तुमच्या गोदामात हमालांचे मुकादम होते. ते कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "इनकू चाय नक्को, बीडी नक्को, कमर भी नहीं दुखती. पर देखना साब, एक दिन ये भी यूनियन बनायेंगे." तुम्ही इतके हसलात की आईनं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं.

लोखंडाच्या खाणीला तुम्ही आईच्या माहेरच्या गावाचं नाव दिलं होतं, डोंगरकडा. तिथून सारखं काहीतरी येतच राहतं म्हणून. आई म्हणाली, "इथून किती जातं तेबी लिव्हा की."

पण मला लिहायचंय ते गल्ल्यांबद्दल.

तुम्ही पेट्यांच्या दर दोन रांगांमध्ये, पटावर असतात तशी, दोन घरं जागा सोडायचात. भिंतीलाही पेटी कधी टेकवली नाहीत. आर्यानं विचारलं होतं, आजोबा, रोबो तर उडतात, त्यांना गल्ली कशाला? तुम्ही म्हणालात, "रोबोला न्हाई गं. मला." आणि रोज कांप्युटरवरून उठण्याआधी तुम्ही त्या छोट्या माणसाला सगळ्या गल्ल्यांतून एकदा फिरवून आणायचात. एकेका पेटीपाशी थांबून आत बघायचात. त्या खेळात काही कुजत नाही, कशाला उंदीर लागत नाहीत. तरीही.

तुमच्या गोदामातही तसंच होतं ना? मी लहानपणी डबा घेऊन यायची तेव्हा हळदीच्या पोत्यांच्या थप्प्यांमधून पळायची आणि फ्रॉक पिवळा करून घरी जायची. ज्या थप्पीभोवती माणसाला फिरता येत नाही, तिच्यात काय झालंय ते कुणालाच कळत नाही, असं तुम्ही म्हणायचात. वहीत न बघता तुम्हाला ठाऊक असायचं, कुठल्या गल्लीत कोणाचा माल, कधी आलेला, किती ओला होता. बाजारातली माणसं तुमच्या आठवणीवर पैज लावायची. तुमच्याकडे शेत नव्हतं, दुकान नव्हतं. कळमनुरीत तुमची जी काही पत होती ती तुमच्या ध्यानात राहण्याची होती.

हे मला ठाऊक होतं, अण्णा. ठाऊक असून मी ते केलं.

आणखी एक नियम होता तुमचा. तो मला रशीदचाचांनी सांगितला होता. एका नव्या हमालानं जुनी हळद आणि नवी हळद एकाच थप्पीत लावली, तीही गल्ली बुजवून. बाकीचे म्हणाले, साहेब, आम्ही तासाभरात नीट करतो. तुम्ही हात लावू दिला नाहीत. "ज्यानं लावली त्यानं उतरवायची," एवढंच म्हणालात आणि त्याला स्वतःला काही बोलला नाहीत. चार दिवस ती थप्पी तशीच उभी. सगळे वळसा घालून जायचे. पाचव्या दिवशी तो आपण होऊन आला, म्हणाला, साहेब, चुकलं. आणि मग तुम्ही स्वतः पोत्याचा एक कान धरून त्याच्याबरोबर थप्पी उतरवलीत.

तेव्हा मला हे फार आवडलं होतं. डायरीत लिहूनही ठेवलंय.

तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला गेलात. आई बरोबर. तिथं दादाकडे मुक्काम. कॉलेजात परीक्षा होत्या, लायब्ररी उघडी ठेवायची होती, म्हणून मी मागे राहिले. पहिल्या दिवशी दुपारी घरी आले तर घर इतकं रिकामं वाटलं की मी तुमच्या खुर्चीवर जाऊन बसले. कांप्युटर लावला.

मला वाटलं, तुम्ही परत याल तेव्हा काहीतरी छान करून ठेवावं. मी बावीस वर्षं लायब्ररीत काम करते. वस्तू कुठं ठेवायच्या हे मला कळतं, असा माझा समज. मी मोजलं, गल्ल्या काढल्या तर त्याच जागेत जवळजवळ दुप्पट पेट्या बसतात. केवढी जागा वाया! आता हे लिहिताना लाज वाटते, कारण लायब्ररीत मी स्वतः प्रत्येक फळीवर वीतभर जागा मोकळी ठेवते. नवीन पुस्तक आलं तर सगळी फळी सरकवायला लागू नये म्हणून. माझ्या हाताखालच्या मुलीला त्यावरून रागावलेलीही आहे. आणि तुमच्या गल्ल्या मला वाया गेलेली जागा दिसल्या. असं कसं होतं माणसाचं?

मी एक अख्खी रांग काढायची खूण केली. रोबो आले, पेट्या उचलल्या, आतला माल उचलला आणि साठ्याकडे निघाले. साठा भरलेला होता. मला ते ठाऊकच नव्हतं. बघता बघता पन्नास-साठ रोबो हातात माल घेऊन तरंगायला लागले. कुणाकडे पत्रा, कुणाकडे तार, कुणाकडे चाकं. खाली ज्या यंत्रांना त्या पेट्यांतून माल जायचा ती एकेक करून थांबली. आवाज बंद होत गेला. मी घाईघाईनं मोकळ्या गल्लीत साठ्याच्या पेट्या लावत सुटले. एकीला लागून एक. चौदा पेट्या. रोबोंनी हातात होतं ते त्यांत भरलं, जसं येईल तसं. पत्र्यावर तार, तारेवर कोळसा.

तीन दिवस मी ते निस्तरत होते आणि दर दिवशी ते आणखी बिघडत होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही यायचे होतात. मी ते तसंच ठेवून कांप्युटर बंद केला.

तेव्हाही काही बिघडलं नव्हतं. तुम्ही दारातून आत येताच सांगितलं असतं, अण्णा, मी घोटाळा केलाय, तर तुम्ही काळ्या चष्म्यातून हसला असतात. खेळ तर होता.

डॉक्टरांनी पडद्याला पंधरा दिवस मनाई केली होती. सोळाव्या दिवशी सकाळी तुम्ही बसलात. मी कॉलेजला निघायच्या गडबडीत होते, वेणी घालत होते. मग म्हणालात, "विमल, इथं गल्ली व्हती ना गं?"

मी आरशातच बघत होते. मी म्हणाले, "तुम्हीच बदललं असेल अण्णा, नांदेडला जायच्या आधी. आठवत नसेल तुम्हाला."

"व्हय?" तुम्ही म्हणालात. थोड्या वेळानं, "असंल."

मी चप्पल घालून निघून गेले.

का म्हणाले मी असं? वर्षभर स्वतःला विचारते आहे. घाई होती, हे खरं नाही. तुमची भीती वाटली, हेही नाही, तुम्ही मला आयुष्यात कधी आवाज चढवून बोलला नाहीत. मला वाटतं, ज्याला मी लेकरांचा खेळ म्हणत होते तोच मला जमला नाही, हे कबूल करायचं नव्हतं. इतकी हलकी गोष्ट. आणि त्यासाठी मी तुमची सगळ्यात जड गोष्ट उचलून देऊन टाकली.

त्या दिवशीच्या डायरीत काय लिहिलंय ठाऊक आहे? काल पान काढून बघितलं. "दिवसभर उकाडा. परीक्षा सुरळीत. अण्णांचे डोळे चांगले झाले." तुम्ही मला चिडवायचात, काय एवढं घडतं गं तुझ्या लायब्ररीत, रोज पानभर? जे घडलं ते त्या पानावर नाही, अण्णा. डायरी कुणी वाचणार नाही हे ठाऊक असूनही मी तिच्याशी खोटं बोलले.

त्यानंतर तुम्ही आईपाशी बसून जुनं गोदाम म्हणायला लागलात. दारातून आत, डाव्या हाताला पहिली थप्पी हरभऱ्याची, तिसरी वसमतच्या हळदीची, असं शेवटच्या भिंतीपर्यंत. मग विचारायचात, "बराबर हाय का?" आई म्हणायची, "मला काय ठाऊक? मी कधी आले तुमच्या गोदामात?" ती तुम्हाला सकाळी भिजवलेले बदाम द्यायला लागली. तुम्ही ते मुकाट खायचात. रशीदचाचांनाही एकदा सांगितलंत, आता ध्यान राहत नाही म्हणून. बाजाराच्या दिवशी आईकडून चिठ्ठी लिहून घ्यायला लागलात. ज्या माणसानं कधी चिठ्ठी नेली नव्हती तो पिशवीत चिठ्ठी घालून निघायचा, आणि मी बघायची.

रोज ठरवायची, आज सांगते. आणि रोज ते कालच्यापेक्षा अवघड झालेलं असायचं. काल सांगितलं असतं तर एका दिवसाचं खोटं होतं. आज सांगितलं तर काल का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार. असे दिवस साचत गेले.

मग तो किल्ल्यांचा जुडगा. कपाटाची, कोठीची, मागच्या दाराची, सगळ्या किल्ल्या तुमच्या करगोट्याला असायच्या. तुम्ही जुडगा माझ्यापुढे ठेवलात. "तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे. माझं ध्यान ऱ्हात न्हाई आता." मी घेतला. घेतला, अण्णा. डायरीत लिहिलं, "आज अण्णांनी किल्ल्या दिल्या. जबाबदारी वाढली."

ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी एका सकाळी तुम्ही चहा अर्धा ठेवून मागे टेकलात, आणि संपलं. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले, आधी कळायला काही मार्ग नव्हता. माझ्या खोट्याचा त्याच्याशी संबंध नाही हे मला समजतं. पण ते पाच महिने तुम्ही कसे जगलात, त्याच्याशी आहे. भेटायला आलेलं प्रत्येक माणूस बोलून गेलं, शेवटी शेवटी विसर पडत होता म्हणे. मी सगळ्यांना चहा दिला.

कांप्युटरवर आईनं तिचा विणलेला रुमाल टाकून ठेवला होता. वर्षभर तो कुणी उचलला नाही. परवा चाचा गेल्यावर मी उचलला.

खेळ उघडला तेव्हा तुम्ही जिथं सोडला होतात तिथंच तो छोटा माणूस उभा होता, गल्लीच्या तोंडाशी. क्षणभर सगळं गोठलेलं होतं, मग एकदम सुरू झालं. पट्टे, यंत्रं, रोबो. चहा प्यायला गेलेली माणसं परतून कामाला लागावीत तसं. तुम्ही सगळं पुन्हा उभं केलं होतं. काढलेली रांग, तिची यंत्रं, गल्ल्या, सगळं जागच्या जागी. विसरणाऱ्या माणसाला हे कसं जमेल, हा साधा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच कसा पडला नाही?

आणि मधोमध माझ्या चौदा पेट्या. तशाच.

मी आधी समजले, राहून गेल्या असतील. पण तुमची गल्ली त्यांच्यापाशी येऊन वळत होती. चारी बाजूंनी दोन-दोन घरं जागा सोडून, त्यांना पूर्ण वळसा घालून, पुन्हा सरळ जात होती. मी माणसाला जवळ नेऊन एक पेटी उघडली. पत्रा, तार, कोळसा, चाकं. एक वस्तू हललेली नव्हती. पण साठ्यातून रोबो माल नेतातच की, कुणी मागितला की? मग पाच महिन्यांत काहीच कसं नेलं नाही? शोधलं तेव्हा दिसलं. रोबो जिथून उडतात तो त्यांचा तिथला तळच तुम्ही हलवला होता. त्यांचा पल्ला त्या पेट्यांच्या अलीकडे संपत होता. कुणी तिथं हात लावू नये, अशी तजवीज तुम्ही केली होती.

मी पडदा तसाच ठेवून आईकडे गेले. ती तूरडाळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर फतकल मारून सगळं सांगितलं, आरसा, वेणी, सगळं. ती निवडत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच व्हतं तू कायतरी केलंस. नांदेडहून आलो तर तुझा चेहरा असा, जसं दूध उतू घालवलंय."

मी विचारलं, मग अण्णांना काही बोललीस का?

"मी काहून बोलू? तुमचा कांप्युटर, तुमचं तुमी." तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "एक डाव इचारलं त्याह्यला, रोज उठताना ह्या पेट्यांभवती चक्कर मारता, काय हाय त्याच्यात? तर म्हणले, विमलची थप्पी हाय."

अण्णा.

आईला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. तिनं पुढचा खडा काढला. कधी म्हणाले असं, मी विचारलं, किल्ल्या द्यायच्या आधी की नंतर? तिला आठवत नाही. मी तीनदा विचारलं तेव्हा वैतागली.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. पहिल्याच दिवशी की महिन्यानं, ते मला कधीच कळणार नाही. काही दिवस तरी तुम्ही स्वतःवर संशय घेतलात, ते बदाम, ते गोदाम म्हणणं काही नाटक नव्हतं. तेवढे दिवस माझ्या अंगावर आहेत आणि राहतील. पण नंतर? नंतर रशीदचाचांना ध्यान राहत नाही असं सांगितलंत ते कशासाठी? ती चिठ्ठी? किल्ल्या? माझी थप्पी दिसू नये म्हणून तुम्ही आपलं नाव पुढे केलंत का? की खरंच थकला होतात आणि किल्ल्या जड झाल्या होत्या? मला सोयीचं उत्तर मी निवडणार नाही. दोन्ही लिहून ठेवते.

एक तक्रार मात्र करते, लेकीच्या हक्कानं. तुम्ही विचारलं का नाहीत? एकदा समोर बसवून म्हणायचं होतं, विमल, हे तू केलंस का. मी लगेच हो म्हणाले असते.

पण असं म्हणताना मला कपाटातली ती मधली फळी आठवते. नऊ वर्षांपूर्वी मी सासरहून दोन बॅगा घेऊन घरी परत आले. फोनवर सांगितलं होतं, चार दिवसांसाठी येते. तुम्ही दार उघडलंत, एक बॅग उचललीत. कपाटातली मधली फळी रिकामी होती, वर्तमानपत्राचा नवा कागद अंथरलेला. तुमची धोतरं, सदरे वरच्या फळीवर दाटीनं कोंबलेले. आईनं केलं असेल म्हणून मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, मी न्हाई, त्याह्यनीच काल दुपारी काढलं सगळं. चार दिवसांच्या पाहुणीला अख्खी फळी कोण देतं? तुम्ही तेव्हाही काही विचारलं नाहीत. ना त्या दिवशी, ना नऊ वर्षांत. त्या न विचारण्याच्या आधारावर मी उभी राहिले. तेव्हा जे आवडलं त्याच्यावर आता रागावणं बरोबर नाही. तुम्हाला एकच रीत ठाऊक होती. जागा सोडायची आणि वाट बघायची. मी त्या हमालाइतकीही धीट निघाले नाही, अण्णा. तो पाचव्या दिवशी आला होता.

मी काल सकाळी सुरुवात केली आहे. रोबोंना बोलावलं नाही. त्या माणसाला पेटीपाशी नेते, एक जातीचा माल काढते, चालत त्याच्या जागेवर नेऊन ठेवते, परत येते. कॉलेजच्या आधी अर्धा तास. वळसा घालून जाताना तुमची गल्ली किती रुंद आहे ते कळतं. काल एक पेटी झाली, आज एक. बारा राहिल्या.

वर्षश्राद्धाला रशीदचाचा येतील. ते आपल्याकडे जेवायला पंक्तीच्या टोकाला बसतात, तुमच्या जागेशेजारी. दादा असेल, आर्या असेल, बाजारातली तुमची चार माणसं असतील. पानं वाढून झाली की, कुणी पहिला घास घ्यायच्या आत, मी उभी राहून सांगेन की अण्णांना शेवटपर्यंत सगळं आठवत होतं. गल्ली मी बुजवली होती, आणि विसरलात असं त्यांना मीच म्हणाले होते. चाचांकडे बघून सांगेन, आरशात बघून नाही. नंतर जे म्हणतील ते ऐकेन. काही म्हणाले नाहीत तर तेही ऐकेन. आणि डायरीच्या त्या पानावर, उकाड्याच्या खाली, आजची तारीख घालून खरं ते लिहीन. जुनी ओळ खोडणार नाही.

चौदावी पेटी उचलली की तिथं मोकळी जागा होईल. ती मी मोकळीच ठेवीन. रोज सकाळी त्या माणसाला तिथून एकदा फिरवून आणीन.

जिनं लावली तीच उतरवते आहे,
तुमची विमल